पूर्णिमाचं पुढे काय?

समाधान इंगोले वाशीमहून पुण्याला आले ते कारखान्यात लेथवर काम करायला. पुढे सुपरवायझर झाले, मांजरीत फ्लॅट घेतला. माणूस बोलका. गणपतीची वर्गणी असो की पाण्याच्या टँकरवरचं भांडण, सोसायटीत इंगोले सगळ्यांत पुढे. एकुलती एक मुलगी, पूर्णिमा, इंजिनिअरिंगला गेली तेव्हा त्यांनी अख्ख्या कारखान्याला पेढे वाटले होते.

दुसऱ्या वर्षी कॉलेजातून फोन आला. हजेरीच नाही, परीक्षेला बसता येणार नाही.

"अगं, तू तर रोज डबा घेऊन जातेस. दिवसभर असतेस कुठं?"

"बसमध्ये," पूर्णिमा म्हणाली.

"कुठल्या बसमध्ये?"

"कुठल्याही. स्वारगेटला उतरते आणि दुसरी पकडते."

इंगोल्यांना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. विचार करकरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पोरीची शाखा चुकली. म्हणजे आता योग्य शाखा सांगणारा माणूस गाठायचा.

पहिल्या माणसाने यंत्रावर तिच्या दहा बोटांचे ठसे घेतले आणि रंगीत तक्ते दाखवून सांगितलं, "हॉटेल मॅनेजमेंट नाहीतर वकिली." दुसऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्याकडे एका कॉलेजचा प्रवेश तयारच होता. "दोनच जागा उरल्यात, आज ठरवा," म्हणाला. पूर्णिमा दोन्हीकडे "हो" म्हणाली. इंगोल्यांना वाटलं, पोरगी मार्गावर आली.

त्यांच्या बायकोला, रुपालीला, तसं वाटलं नाही. "ती कशालाही हो म्हणून राह्यली. तिला काही नकोच झालंय. तुमच्या ध्यानात कसं येत नाही?"

रुपालीनेच मग शेजारणीकडून सुहासिनी केतकरांचा नंबर आणला. मंडईच्या मागे त्यांचं छोटं ऑफिस होतं. मानसशास्त्र शिकलेल्या, अनेक वर्षं मुलांना करिअरचा सल्ला देणाऱ्या. इंगोल्यांनी फोन केला.

"मुलीला यायचंय का?" बाईंनी विचारलं.

"मी आणतो ना तिला."

"अहो, ती काय पोतं आहे आणायला? आधी तिला विचारा, मग फोन करा."

फोन ठेवलासुद्धा. इंगोले संतापले, पण त्यांनी विचारलं. पूर्णिमा "बघू" म्हणाली. पुढच्या आठवड्यात स्वतःहून म्हणाली, "जाऊ या."

बाईंनी इंगोल्यांना बाहेरच बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं.

"मी हिला आत्ता कोणताही कोर्स सुचवणार नाही."

"काहून? तुमचं कामच ते हाय ना?"

"म्हणूनच सांगते. माझं काम नंतरचं आहे. हिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या."

"माही पोरगी येडी नाही, मॅडम!"

"वेडी कोण म्हणालं? ती आजारी आहे. मला जे सांगितलं ते ती तुम्हालाही सांगणार आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

पूर्णिमा खाली बघत होती. "बाबा, मला झोप लागत नाही. आणि सकाळी उठावंसं वाटत नाही. कधी कधी वाटतं, उठलेच नाही तर बरं होईल."

बाईंनी एका डॉक्टरांना फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. तोवर तिला एकटं ठेवू नका, असं दोनदा बजावलं.

घरी आल्यावर मात्र इंगोले रुपालीला म्हणाले, "गावाकडं कळलं तर? उद्या लग्नाचं काय?"

"गाव येणार हाय का तिच्याजवळ बसायला?" रुपाली म्हणाली. "तुम्ही येत नसाल तर मी नेते."

तेही गेले.

औषधं सुरू झाली. आरंभी तर ती आणखीच सुस्त दिसायची, आणि इंगोल्यांना वाटायचं, आपण फसलो. डॉक्टर म्हणायचे, धीर धरा. कॉलेजचं वर्ष गेलं. वाशीमहून मोठ्या भावाचा फोन आला, पोरीचं काय चाललंय म्हणून. "आजारी होती दादा. मनाचा आजार. बरी होऊन राह्यली," इंगोले म्हणाले. भाऊ लगेच पावसापाण्याचं बोलू लागला.

हळूहळू ती जेवू लागली. एकदा टीव्हीच्या आवाजावरून बापावर चिडली, तर ते स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. केतकरबाईंकडे ती आता महिन्यातून एकदा एकटीच जाते. काय शिकायचं ते अजून ठरलेलं नाही. बाई घाई करत नाहीत, आणि इंगोल्यांना विचारायची हिंमत होत नाही.

सोसायटीच्या मीटिंगला ते हल्ली मागे बसतात. पहिल्या पाळीला निघण्याआधी तिच्या खोलीचं दार किंचित लोटून उभे राहतात, पांघरूण वरखाली होतंय ना ते बघत. परवा डोळे न उघडताच ती म्हणाली, "आहे मी, बाबा. जा तुम्ही."

ते निघाले. जाताना दार हळूच ओढून घेतलं.