चॅसिसवरचा जोड

मला दोन सीटची, टप उघडणारी, माझ्याहून वयाने मोठी गाडी का हवी होती, याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही. मी एका आयटीआयमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते. गाडी चालवायला शिकले तीच पंचेचाळिशीनंतर, आणि आमच्या घरी एक साधी, पाच जणांची गाडी आहे, ती पुरते. पण शिवाजी पार्कला राहणाऱ्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेने सहज सांगितलं, की त्यांच्या शेजारच्या बंगलीत एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं उभी आहे आणि आता मालकीणबाई ती विकायची म्हणतायत. मी फक्त बघायला म्हणून गेले. परत आले ती घ्यायची ठरवूनच.

मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ बसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. नवरा आर्किटेक्ट होता, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. गाडी त्याची. गडद हिरवी, तारांच्या चाकांची, आत लाकडी डॅशबोर्ड. बाईंनी कव्हर बाजूला केलं आणि म्हणाल्या, "एक ओरखडा सापडणार नाही तुम्हाला. आमचे हे स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त जपायचे हिला. कधी कुठे साधी घासलीसुद्धा नाही."

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत मी हे सांगितलं. आईने लगेच विचारलं, "दोनच माणसां बसतली? मगे मी खंय बसू?" नवरा म्हणाला, "हौस आहे तर घे. पण काकांना दाखव. ते नाही म्हणाले तर विषय बंद."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. आमच्याच चाळीत राहायचे, आता परळला मुलाकडे असतात. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे त्यांचं गॅरेज होतं आणि जुन्या विलायती गाड्या दुरुस्त करणारे म्हणून लांबलांबहून लोक त्यांच्याकडे यायचे. वय झालं तसं गॅरेज बंद केलं. मी गेले तेव्हा टीव्हीसमोर बसले होते, आवाज पूर्ण बंद, फक्त चित्र बघत.

"बाय, माझे कान गेले," ते म्हणाले. "इंजिनाचो आवाज ऐकाक येणा नाय. मी काय बघतलंय?"

ते खरं होतं. लहानपणापासून त्यांचे दोन्ही कान वाहायचे, कधी नीट औषध झालं नाही, आणि आता शेजारी बसून ओरडल्याशिवाय त्यांना काही कळत नव्हतं. मी मोबाईलवरचा गाडीचा फोटो पुढे केला. त्यांनी तो हात लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"दोन कार्बोरेटर?"

मी मान डोलावली. ते उठले आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टॅक्सीने शिवाजी पार्कला गेलो. बाईंनी गॅरेज आधीच उघडून ठेवलं होतं. काकांनी कोणाला नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि माझ्याकडे वळले. "गरम आसा. आज नको. उद्या येवया."

बाईंना कळेना. मी समजावून सांगितलं, की गार इंजिन पहिल्यांदा कसं चालू होतं, किती धूर येतो, हे बघायचं असतं. गरम इंजिन सगळं झाकून नेतं.

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच वॉचमनला अर्धा तास आधी चालू करून ठेवायला सांगितलं," बाई म्हणाल्या. त्या दुखावल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना मात्र यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. ते आपली पेटी उचलून फाटकाकडे निघालेही होते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बॉनेट गार होतं.

काकांचं काम बघत राहावं असं होतं. चालू करण्याआधी त्यांनी तेलाची पट्टी काढून बोटांत तेल चोळलं, वास घेतला. रेडिएटरचं झाकण उघडून आतलं पाणी पाहिलं. तेलात पाणी किंवा पाण्यात तेल मिसळलं असेल तर दुधासारखा साका धरतो, तसा कुठे नव्हता. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन ते सगळ्या बॉडीवरून फिरले. पत्र्याला चुंबक चिकटतं. गंजून गेलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर सुटून पडतं. ते दोन ठिकाणी सुटलं, दोन्ही मागच्या चाकांच्या वर. बाई दारात खुर्चीवर बसून हे बघत होत्या, आणि चुंबक पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडत होती.

"चालू कर," काका म्हणाले.

मी आत बसले. दोनदा गुरगुरून तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मागे थोडा निळा धूर आला, आला तसा विरला. काकांनी पेटीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरली. डोळे मिटले. टोक दोन बोटं पुढे सरकवलं, परत ऐकलं. असं करत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मी इंजिन चालू ठेवून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. टीव्हीसमोर बसलेला माणूस हा नव्हता.

त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हाडाला लावला. खटखट, खटखट, डोक्याच्या आतच वाजत असल्यासारखं. कानाचा पडदा गेला तरी हाडातून आवाज पोचतो. "टॅपेट," ते म्हणाले. झडपा ढकलणारे दट्टे सैल झाले होते. "ता काय नाय, सेट करूक येता. खालसून ठोके नाय आसत. बेअरिंग बरे आसत." मग स्वतःशी हसले. "माका सगळा ऐकाक येता रे ह्याच्यातसून."

तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. गॅरेजात गाडीखाली जायला जागा नव्हती, म्हणून वॉचमन आणि मी ढकलून ती अंगणात आणली, जॅक लावून पुढची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले. काका गोणपाट पसरून आत शिरले. नुसते त्यांचे पाय दिसत होते. हातोडीने ठिकठिकाणी हलके टोले मारल्याचा आवाज येत होता. आत बसणाऱ्याच्या पायाखालच्या पत्र्यावर, म्हणजे फ्लोरवर, टोला पडला तिथे कोरड्या पापडासारखा आवाज झाला आणि गंजाचा चुरा खाली सांडला. समुद्राच्या काठावर पन्नास वर्षं काढलेल्या गाडीचं हे व्हायचंच. पण पुढच्या बाजूला गेल्यावर टोले थांबले. बराच वेळ काही हालचाल नाही. मी घाबरून वाकले.

"टॉर्च दी," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गाडी ठोकलेली आसा."

हे ते नेहमीच्या, म्हणजे ओरडल्यासारख्या आवाजात बोलले. बाईंनी ऐकलं.

"शक्यच नाही," त्या उठून उभ्या राहिल्या. "कोणी ठोकणार? ह्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही गाडीला."

मी साडीचा पदर खोचून गाडीखाली गेले. काकांनी बोट ठेवून दाखवलं. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, डावीकडच्या दांडीवर, पुढच्या चाकाजवळ, आडवा जोड होता. वेल्डिंग करून, घासून, वर काळा रंग दिलेला. बाहेर येऊन मी दोरी मागून घेतली. डावीकडच्या पुढच्या बोल्टपासून उजवीकडच्या मागच्या बोल्टपर्यंत, आणि मग उलट, अशी दोन्ही तिरपी मापं घेतली. चॅसिस सरळ असेल तर ती सारखी यायला हवीत. तीन-चार मिलिमीटरचा फरक आला. ठोकलेली होती हे नक्की, आणि कोणीतरी फार निगुतीने सरळ केली होती हेही नक्की.

मी मोबाईलवर फोटो काढून बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा बदलून पाहिला. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एकदा दोन महिने गाडी नव्हती घरात. रंगाला पुण्याला पाठवलीय म्हणाले होते."

मी मोबाईल परत घेतला. बाईंनी फोन उचलला. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, तिकडे दुपार होती. ऐकायला त्रास होतो म्हणून त्या फोन स्पीकरवरच ठेवायच्या, त्यामुळे माझी इच्छा असो-नसो, मला सगळं ऐकू येत होतं.

"गाडी कोणी ठोकली होती रे?" त्यांनी सरळच विचारलं.

पलीकडून मुलाने उलट विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"गाडीनेच सांगितलं म्हण. तू?"

"मी, आई. एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही दोघं लग्नाला गेला होतात, नाशिकला. मी किल्ली घेतली. वरळीला दगडी कठड्यावर घातली."

"लागलं होतं?"

"मनगट. क्रिकेट खेळताना मुरगळलं म्हणून सांगितलं होतं तुला."

बाईंनी फोन जवळ धरला. मुलगा पुढे सांगत गेला. बाबा आईच्या आधी परतले, गाडी बघितली, त्याचा हात बघितला. मग म्हणाले, आईला कळता कामा नये, ती पुन्हा तुला रस्त्यावर जाऊ देणार नाही. आणि शिक्षा म्हणून दोन महिने दर रविवारी त्याला गाडी दुरुस्त होत होती त्या गॅरेजात नेलं. बाबा कारागिराबरोबर स्वतः काम करायचे, तो उभा राहून पाने द्यायचा, चिमटे धरायचा, लोखंड घासायचा. घरी सांगायचे, लायब्ररीत चाललोय.

"मला वाटायचं, तुमचं दोघांचं एकमेकांशी कधी पटलंच नाही," बाई म्हणाल्या. "जेवायला बसलात तरी एक शब्द नाही."

"एरवी नव्हतंच पटत," मुलगा म्हणाला. "ते दोन महिने पटलं."

"मग ते गेल्यावर तरी सांगायचंस."

"कबूल केलं होतं ना बाबांना."

फोन ठेवल्यावर बाई गाडीकडे बघत होत्या. चिडल्या होत्या की काय, कळत नव्हतं. मला वाटतं, चिडल्याही होत्या आणि बरंही वाटलं होतं. मी काकांच्या कानाशी वाकून झालेलं सगळं थोडक्यात ओरडून सांगितलं. त्यांनी हात पुसत ऐकलं.

"आता तुम्ही घेणार नाही," बाई मला म्हणाल्या. "मी खोटं बोलले नव्हते. मला माहीत नव्हतं."

मी काकांकडे पाहिलं. बाईंशी बोलताना ते जपून, पुस्तकातलं मराठी बोलत. "बाई, इंजिन चांगलं आहे. फ्लोर नवीन करावा लागेल. आणि तो जोड ज्याने मारला, तो कारागीर होता. तिथून ती तुटणार नाही." मग माझ्याकडे वळून, "सरळ चलता काय ता चलवन बघ."

आम्ही दोघं निघालो. माहीमच्या बाजूला सकाळी रिकामा असतो असा एक सरळ रस्ता आहे, तिथे मी वेग कमी ठेवून स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सोडले. गाडी सरळ गेली. ब्रेक दाबल्यावर मात्र डावीकडे ओढली. काकांनी हाताने खूण केली, ते होईल. उघड्या टपातून वारा येत होता आणि त्यांनी आपली टोपी मांडीखाली दाबून धरली होती. परत येताना त्यांनी पूर्ण वेळ गिअरच्या दांड्यावर माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला होता. गिअरबॉक्स ऐकत होते.

मी गाडी घेतली. बाईंनी आपणहून किंमत खाली आणली, मी घासाघीस केली नाही. कागदपत्रं माझ्या नावावर व्हायला जवळपास चार महिने गेले, कारण कागदांवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक निघाला. तेवढ्या वेळात रे रोडला काकांच्या एका जुन्या कारागिराकडे फ्लोर नवीन झाला, ब्रेक झाले. काका रोज बसने जाऊन तिथे स्टूल टाकून बसायचे. त्यांच्या मुलाला आधी काळजी वाटली, नंतर तो म्हणाला, निदान आता जेवतात तरी नीट.

गाडी शिवाजी पार्कहून रे रोडला न्यायला गेले होते त्या दिवशी बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: त्या जोडाचा फोटो. मोबाईलवर नको, कागदावर. मी दादरला छापून घेतला आणि नेऊन दिला. फोटोत तसं काही दिसत नाही. काळं लोखंड, आणि त्यावर एक जाडसर रेघ. बाईंनी तो उलटसुलट बघितला, विचारलं, "यातली आमच्या ह्यांची बाजू कुठली आणि मुलाची कुठली, कळतं का तुम्हाला?"

नाही कळत, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला चहाला थांबवून घेतलं.

आता गाडी महिन्यातून दोनदा-तीनदा बाहेर निघते. पावसाळ्याचे चार महिने झाकून असते. सिग्नलला माणसं विचारतात, लिटरला किती देते, इंजिन केवढं, विकणार का. उन्हात जास्त वेळ थांबलं तर पाणी तापतं, मग गिरगावात कुठेतरी झाडाखाली अर्धा तास उभं राहावं लागतं. मी सोबत पाण्याचा कॅन ठेवते, आणि वाचायला काहीतरी.