जेवना कान

आईचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, व्हिडिओ मी अंगणात काढला, पण तिचा आवाज घरात घेतला. अंगणात शेजारचा ट्रॅक्टर, कोंबड्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस, यांत तिचं बोलणं बुडून जात होतं. मागच्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावली, नवा माइक कॉम्प्युटरला जोडला आणि तिला म्हटलं, आता चित्र बघत बोल. आधी तिने शाळेतली मराठी काढली, 'ज्वारी भिजवून घ्यावी' वगैरे. मला हसू आवरेना. मग ती अहिराणीत सुरू झाली आणि थांबेचना.

पडद्यावर तिच्या आवाजाच्या दोन पट्ट्या उमटल्या. वरच्या पट्टीत नुसते चढउतार, खालच्या पट्टीत सरळ रेघ.

"हाई खालनी पट्टी कोरी काबरं?" तिने विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आवाज येस ना?"

स्पीकरवर येत होता. मी मागे थोडं संगीत लावलं आणि व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला घेतला. आईने चुलीकडे तोंड करून विचारलं, "सुरतलेबी धाडा का?"

सुरतला माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण. धानोऱ्याच्या एका लग्नापासून दोघींचा अबोला होता. पंगतीत आई मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसली, तब्येतीचं विचारलं, आणि मावशी मान खाली घालून जेवत राहिली. झालं एवढंच. "ती आते सुरतनी व्हयी गई," म्हणत आईने फोन करणं सोडलं. मावशीनेही केला नाही. लहानपणी दोघींनी मिळून गच्चीभर बिबड्या घातल्या होत्या, त्यामुळे व्हिडिओ बघून ती फोन करील अशी आईला आशा होती. तोंडाने कबूल करणार नाही, पण माझा फोन वाजला की तिची मान वळायची. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, पण मला. मी कॉम्प्युटरवर होतो, म्हणून स्पीकर लावला. आई दारात मिरच्या निवडत बसली होती.

"भाऊ, गाणं छान शे. पण तुन्ही माय काबरं बोलत नही? नुसता हातच दिखतस. मन्हासंगे नही ते नही, व्हिडिओमाबी नही का?"

मी चक्रावलो. अख्खा व्हिडिओ आईच बोलत होती! बाकी कुणाचीच तक्रार नव्हती. मग मला ती कोरी पट्टी आठवली आणि भलतंच कुतूहल वाटायला लागलं. विचारलं तर कळलं, मावशी एकच इअरफोन लावून ऐकत होती.

"कोनता कानमा लायेल शे?"

"जेवना."

आमच्याकडे ज्या हाताने जेवतो तो जेवना हात, आणि मग त्या बाजूचा पाय, डोळा, कान, सगळंच जेवनं. कानाने कोण जेवतं, असा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. मी माझे इअरफोन कानांत घातले. डाव्यात आई भरभरून बोलत होती, जेवन्यात नुसतं संगीत. मग उलगडा झाला. माइक एकच होता आणि मी ट्रॅक स्टिरिओ ठेवला होता, म्हणजे दोन कानांना दोन वेगळ्या वाटा. एका माइकचा आवाज एकाच वाटेने गेला, दुसरी रिकामी राहिली. संगीत मुळातच स्टिरिओ, ते दोन्हीकडे वाजलं. ट्रॅक मोनो केला असता तर तोच आवाज दोन्ही कानांना सारखा मिळाला असता. फोनच्या स्पीकरवर दोन्ही वाटा एकत्र होतात, म्हणून कुणाला काही कळलं नाही. इतकी साधी गोष्ट! मी खूश होऊन म्हणालो, "मावशी, तो काढ आणि डावा कानमा घाल."

मावशी हळू आवाजात म्हणाली, "तो कान गया, भाऊ. कवयनाच गया. कोनले सांगू नको. बहिरी म्हंतीन."

मी दाराकडे बघितलं. आईच्या हातातली मिरची हातातच होती. मावशीला कसंबसं 'दुसरा व्हिडिओ धाडतो' म्हणून मी फोन ठेवला.

"पंगतमा मी तिना डावा अंगलेच बठेल व्हतू," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. तो पदर मिरचीचा, त्यामुळे डोळे आणखीनच वाहायला लागले. मला तिला हसावं की जवळ घ्यावं कळेना.

मी ट्रॅक मोनो केला. खालच्या पट्टीतही आई उमटली. नवा व्हिडिओ पाठवून होईपर्यंत आईने तोंड धुतलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि मावशीला लावला. पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणायच्या आत ती ओरडली, "ए बाई, कोनता कानले फोन लाया तू? जेवना कानले लाव. मी बोली ऱ्हायनू."