परत सांग ना, चांगलं होतं

ती नुसती मान वळवत नसे, अख्खी वळत असे. बाक करकरायचा, मांडीवरचा डबा एका हातानं सावरला जायचा आणि मागच्या बाकांकडे पूर्ण तोंड करून ती बसायची. मग ज्यानं टोमणा मारला असेल त्याला अगदी गोड आवाजात म्हणायची, "परत सांग ना. चांगलं होतं."

तुम्ही हे कधी कुणावर करून पाहिलंय का? टोमणा मारणाऱ्याला तो तिथेच, त्याच शब्दांत पुन्हा मारायला लावायचा? मी ते होताना पाहिलंय. पहिल्यांदा सगळा वर्ग हसलेला असतो. दुसऱ्यांदा तोच माणूस तेच वाक्य म्हणायला जातो आणि अर्ध्यात थांबून वही चाळायला लागतो. ती मात्र पापणी न हलवता वाट बघत असते.

तिचं नाव मी लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही म्हणून. वर्गात मागचे लोक तिला 'काकू' म्हणायचे, कारण तिचं लग्न झालेलं होतं, वयानं ती आमच्यापेक्षा मोठी होती आणि पारोळ्याच्या बाजूच्या एका गावाहून रोज एसटीनं जळगावला यायची. मी तिला अक्का म्हणायचो. पहिल्या दिवशी मागून कुणीतरी "काकू, जरा सरका" म्हणालं तेव्हा तिनं वळून विचारलं होतं, "काय म्हणालास? परत हाक मार ना." त्या मुलाला ती हाक परत मारता आली नाही. वर्षभर तो तिला हाकच न मारता वावरला.

माझं सांगायचं तर आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. आमचं गाव पहूरजवळ. वडील केळीचे घड कापणाऱ्या टोळीत, बहुतेक वेळ सावद्याकडे असतात. मला जळगावला पाठवताना आईनं कपाशीच्या बियाण्याची एक भक्कम पिशवी धुऊन दिली होती, बाहेरून कापसाच्या बोंडाचं चित्र छापलेली. वह्या मी तिच्यातच आणायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं तर ती फार टिकाऊ होती.

सेमिनारमध्ये मी पहूरच्या आठवडे बाजारावर बोलायला उभा राहिलो आणि घाबरून घरच्यासारखा बोलून गेलो. "मले असं वाटते की..." एवढंच. मागून सौरभनं हळूच म्हटलं, "मले." मोठ्यानं नाही, अगदी कौतुकानं म्हटल्यासारखं. वर्ग हसला. मी खाली बसलो. सर म्हणाले, पुढच्या वेळी तयारी करून ये.

सौरभ वाईट मुलगा होता असं तुम्हाला वाटायला नको. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो सूत्रसंचालन करायचा, नाटकात कामं करायचा, सरांचा लाडका होता. तास संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो. विषय चांगला होता तुझा. फक्त मराठीत बोलायला शीक." मी त्याला थँक्यू म्हणालो. ते थँक्यू अजून माझ्या दातात अडकलेलं आहे.

त्यानंतर माझं नाव 'मले' पडलं. वर्गाच्या ग्रुपवर माझ्या फोटोचं स्टिकर फिरायला लागलं. मी हजेरीला नुसता हात वर करू लागलो.

मग स्नेहसंमेलन आलं. सौरभ माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुझी ती पिशवी दे ना जरा, पाच मिनिटं." मी वह्या काढून पिशवी दिली. मला वाटलं, काही सामान ठेवायचं असेल. पडदा उघडला तेव्हा ती पिशवी सौरभच्या काखेत होती. त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. बँकेत आलेल्या एका अडाणी खेडुताचं काम तो करत होता. "सायेब, मले पासबुक भरनं शे!" पूर्वेकडचं आमचं 'मले' आणि पारोळ्याकडचं, अक्काच्या गावाचं 'शे', म्हणजे 'आहे', त्यानं एकाच तोंडात कोंबलं होतं. कारकून झालेला त्याचा मित्र त्याच्यावर खेकसायचा, तो दचकून पायरीवर आपटायचा, पिशवीतून कांदे घरंगळायचे आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. पहिलं बक्षीस मिळालं. पिशवी मला परत मिळाली ती कांद्याच्या वासाची.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाच्या मागे अक्काला सांगितलं की मी सोडतोय. मामा भुसावळला एका गोदामात काम बघून देणार होता. तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे केली आणि विचारलं, "बापाला सांगितलं?"

"नाही."

"मग शिबिरापर्यंत थांब."

"शिबिरात काय होणार आहे?"

"देखू ना," ती म्हणाली. घास तोंडात असताना ती नेहमी अहिराणीत बोलायची. "त्याले परत करू दे. चांगलं व्हतं."

आमच्या कॉलेजचं हिवाळी शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात असतं, तुमच्याही असेल. दिवसा श्रमदान, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम. त्या वर्षी गाव ठरत नव्हतं. अक्कानं सरांना आपलं सासर सुचवलं. शाळा रिकामी आहे, पाणी आहे, सरपंच घरातलेच आहेत. सर खूश झाले. मग जाता जाता ती म्हणाली, "आणि सर, पहिलं बक्षीस मिळालेलं नाटक आहे आपल्याकडे. आमच्या गावानं बघायला नको का?"

सौरभ तिथेच उभा होता. तो जरा लाजला, पण त्याला आवडलं. म्हणाला, "तिकडच्या लोकांना कळेल का पण?"

"कळेल की," अक्का म्हणाली. "त्यांच्यावरच आहे ना."

तो हसला. काहीतरी समजायला हवं होतं त्याला, पण टाळ्यांची आठवण माणसाला बहिरं करत असावी.

शिबिराच्या दुसऱ्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर दिवे लावले. पुढे बाया, मागे पुरुष, कडेला मोटारसायकलींवर पोरं. त्या दिवशी माझी पिशवी मी स्वतः सौरभला नेऊन दिली. अक्कानंच तसं सांगितलं होतं. "मागायची वेळ नको येऊ देऊ त्याला," असं ती म्हणाली होती.

नाटक सुरू झालं. सौरभ आला. "सायेब, मले पासबुक भरनं शे!" या वाक्याला कॉलेजात पहिला हशा आला होता. गाव गप्प. लोक लक्ष देऊन ऐकत होते, पुढे काय होतं ते. सौरभनं आवाज वाढवला. गाव अजून गप्प. कारकून खेकसला. सौरभ दचकला, पायरीवर आपटला, कांदे घरंगळत बायांच्या पुढ्यात गेले. एका बाईनं कांदे गोळा करून पदरात धरले. हसलं कुणीच नाही.

आणि मग त्या शांततेत, ओट्याच्या कडेनं, तो गोड आवाज आला.

"सौरभभाऊ, मागच्यांना दिसलं नाही. परत पडा ना. चांगलं होतं."

मी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "हो हो, घे परत." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, आणि परत पडला. शंभर माणसांसमोर, ज्यांची तो नक्कल करत होता त्यांच्यासमोर, एकाही हसण्याशिवाय. पडल्याचा आवाज मात्र मागच्यांनाही नीट ऐकू आला.

तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि थेट ओट्यावर चढली. तिनं कारकुनाकडे बोट केलं. "ए सायेब, पोऱ्या काय मांगी ऱ्हायना? पासबुक भरी दे ना त्याले." मागून पुरुषांतूनही आवाज आला, "भरी दे, भरी दे!" कारकून झालेला मित्र टेबलामागून दोन पावलं मागे सरकला. म्हातारीनं सौरभचा दंड धरून त्याला उठवलं.

"कोना पोऱ्या शे रे तू? आठे बस. पानी पे."

सौरभ हळू म्हणाला, "आजी, हे नाटक आहे."

"नाटक शे, मालूम शे माले," म्हातारी म्हणाली. "तरी बस."

तो बसला. स्वतःच्या नाटकात, कारकुनाच्या खुर्चीवर. कुणीतरी तांब्या आणला आणि तो सगळं पाणी पिईपर्यंत म्हातारी समोर उभी राहिली. पडदा नव्हताच, त्यामुळे तो पडलाही नाही.

इथे चांगला माणूस लिहील की मला त्याची दया आली. मला आली नाही. मला फार बरं वाटलं, इतकं की मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दया आली ती नंतर, बऱ्याच महिन्यांनी, आणि तीही थोडीच. अक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या वर्गातल्या मुलाला म्हणाली, "झालं का नीट? टाक ना ग्रुपवर." त्यानं मोबाईल खिशात घातला. ते शूटिंग ग्रुपवर कधीच आलं नाही. माझं स्टिकरही पुन्हा दिसलं नाही.

पण तेवढ्यावर ती थांबली नव्हती. शिबिराच्या उरलेल्या दिवसांत सौरभ जिथून जाईल तिथे ओट्यावरचं कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, "बँकनं काम व्हयनं का रे भाऊ?" हापशावर बाया विचारायच्या. न्हावी विचारायचा. शाळेत जाणारी पोरं रांगेत उभी राहून विचारायची. आणि प्रत्येक जण त्याला आग्रहानं पाणी पाजायचा. सौरभ आधी हसला, मग चिडला, मग मागच्या गल्लीनं जायला लागला. मागच्या गल्लीत अक्काचा सासरा बसायचा. तोही विचारायचा.

मी अक्काला म्हणालो, "सगळ्या गावाला शिकवून ठेवलंस?"

"नाही रे," ती म्हणाली, "मी फक्त दोन घरी सांगितलं होतं."

निघताना सौरभनं मला पिशवी परत केली. जड लागली. आत भुईमुगाच्या शेंगा होत्या, म्हातारीनं भरलेल्या. "तुझ्यासाठी नाहीत म्हणाल्या त्या," तो म्हणाला. "म्हणाल्या, पिशवी ज्याची आहे त्याला दे." तो माझ्याशी साधं, सरळ बोलला आणि त्यानं मला काही शिकवलं नाही.

मी सोडलं नाही. सेमिनार परत दिला. त्यात 'मले' दोन वेळा आलं. दोन्ही वेळा वर्गात पंख्याचा आवाज तेवढा होता. पुढच्या बाकावर अक्का समोर बघत बसली होती, वळायची तयारी ठेवून.

शेवटच्या वर्षी ती कॉलेजात राहिली नाही. नवऱ्याला सुरतेला कापडाच्या कारखान्यात काम लागलं आणि घर तिकडे निघालं. उरलेली परीक्षा बाहेरून देईन म्हणाली. मी जळगावच्या स्टँडवर तिला सोडायला गेलो. सुरतेची गाडी लागलेली होती, ती खिडकीत बसली, मांडीवर डबा. चौकशीच्या खिडकीजवळ आमच्याच कॉलेजची पाच-सहा मुलं उभी होती, सौरभही होता.

मी बरंच काही ठरवून गेलो होतो, चांगल्या मराठीत. इंजिन सुरू झालं आणि मी ते सगळं विसरलो. खिडकीखाली उभा राहून मी हळूच म्हणालो, "अक्का, तू नसती त मी कवाच घरी गेलो असतो. मले तुही लय याद येईन."

ती पूर्ण वळली. शेजारची बाई सरकली, डबा सावरला गेला, आणि तिनं कानामागे हात धरला.

"गाडीचा आवाज आहे रे. परत सांग ना. चांगलं होतं."

चौकशीजवळची मुलं माझ्याकडे बघत होती. गाडी मागे सरकायला लागली. मी तिच्याबरोबर चालत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "मले तुही लय याद येईन!"

ती समोर बघू लागली. गाडी वळून गेटाबाहेर गेली तरी तिचा कानामागचा हात खिडकीत तसाच दिसत होता.