खुरावरचा नंबर

"तू तिथंच हायस की गं. बसरा काय लांब हाय? एक सुट्टी काढ अन् जाऊन विचारून ये."

अण्णा, म्हणजे माझे वडील, दर शुक्रवारी फोनवर हेच म्हणायचे. मी बहरीनला नोकरीला, आणि नकाशात बहरीन आणि बसरा बोटभर अंतरावर आहेत, एवढं त्यांना पुरे. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बसऱ्याला गेले होते, घोडेस्वार म्हणून. गावच्या विहारात आता आमच्या वस्तीतल्या फौजींच्या नावांचा दगड बसणार होता आणि नावापुढे हुद्दा हवा होता. कागद दाखवा, मग कोरू, असं समितीने बजावलं होतं.

मग काय, आठवडाभर इथल्या हिद्द भागातल्या गोदामात स्पेअर पार्ट आणि सुट्टीला लॅपटॉपवर इंग्रजांचे घोडे. आठ महिने. जीव नुसता वैतागला होता. त्या फौजेने घोड्यांबद्दल काय लिहून ठेवलं नाही! कुठल्या देशातून घेतला, उंची किती, रंग कोणता, कपाळावर पांढरा टिळा आहे की नाही, जव किती, गवत किती, बोटीत कुठे तोंड करून उभा करायचा. घोड्यांमागे राबणाऱ्या माणसांचा मात्र नुसता आकडा. मी लॅपटॉपवर ओरडायचे. मुलगी आतून म्हणायची, "मम्मा, दे आर जस्ट हॉर्सेस." तेच तर माझं दुखणं होतं.

शेवटी माझ्या सातव्या ईमेलला एका परदेशी दप्तरखान्याने उत्तर दिलं. सोबत एका यादीची प्रत. तिच्यात पणजोबांचं नाव होतं, गाव होतं, तालुकासुद्धा. काम: मेलेले घोडे हलवणे. खाली नियमही होता. घोडा मेला की नंबर डागलेला खूर कापून आणून जमा करायचा, तरच तो घोडा कागदावर मेला.

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझ्याकडेही मेकॅनिक येतो, "पुराना मफी, फेक दिया," म्हणजे जुना नाहीच, असं इथल्या अरबी-हिंदीत म्हणतो, आणि जुन्याची नंबरपट्टी आणल्याशिवाय मी त्याला नवा पार्ट देत नाही. त्याच्या शब्दावर माझा विश्वास नसतो, म्हणून.

पण गावात मेलेली ढोरं ओढायला लागू नयेत म्हणून पणजोबा फौजेत गेले, असं आमच्या घरात सगळे अभिमानाने सांगत आले होते. आणि फौजेने त्यांना तेच काम दिलं, वर हातात सुरीही दिली. मला इतका संताप आला की दोन शुक्रवार मी फोनच केला नाही. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या शुक्रवारी सांगून टाकलं. पलीकडे अण्णांनी टीव्ही बंद केला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "आजी सांगायची. घोडेस्वार मी केला त्याला. चौथीत असताना मास्तरांनी भर वर्गात विचारलं, तुझा आजा काय करायचा? तवा तोंडातनं निघून गेलं."

मी भडकलेच. "अहो अण्णा, मग आठ महिने मला कशाला शोधायला लावलंत?"

"वाटलं, इंग्रजांच्या कागदात तरी त्यो स्वार निघंल."