पाळी लावणाऱ्याकडेच तक्रारवही

पाहुण्यांच्या सहली नेणाऱ्यांच्या आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी लिहितो आहे.

आज सकाळी अभयारण्यात आमच्या पुढची सफारीची जिप्सी रस्ता सोडून गवतात शिरली. तिथे अस्वलाची मादी होती, पाठीवर दोन पिल्लं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत मागे लागला. ती पळाली, तेव्हा एक पिल्लू खाली पडलं आणि मागेच राहिलं.

मी व्हिडिओ काढला. परतताना गेटवर तक्रारवही मागितली. तुम्हाला ठाऊकच आहे, गाड्यांची पाळी लावणारा मुन्शीच ती सांभाळतो.

वही पुढे सरकवत तो शांतपणे म्हणाला, "लिखो ना भैया. संडे को आपके गेस्ट हमारी ही गाड़ी में बैठेंगे."

मी न लिहिता रायपूरला परतलो.

घरी बायको म्हणाली, "तुम्हालेच काहून पडली? बाकीचे तं गप्प बसून राहिले."

दुपारी वनाधिकाऱ्यांना मेल लिहिली. जागा, वेळ, गाडीचा नंबर, व्हिडिओ. निनावी तक्रार चालत नाही, म्हणून खाली नाव घातलं आणि पाठवली.

रविवारच्या पाहुण्यांत दोन लहान मुलं आहेत. मला भीती वाटते आहे. त्या मेलखाली माझं एकट्याचंच नाव आहे. तुमच्यापैकी कोण आपलं नाव देईल?