पाठीत बसलेले वडील

आधी अक्कांचं सांगतो. तंजावरात आम्ही कामगार पोरं त्यांच्याकडे भाड्यानं राहायचो; कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी जुनी, तिला तमिळ हेल. मी आज ताठ उभा आहे तो त्यांच्यामुळं.

सातवीतून शाळा सोडून मी सांगलीकडून इथं गलाईच्या कामाला आलो. सोनारांकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, भट्टीत आटवायची, सोनं शुद्ध करायचं. तिशीच्या आतच पाठ धरू लागली. सकाळी जाग आली की वाटायचं, वडील येऊन माझ्या पाठीत बसलेत. त्यांचा कणा पुढं वाकून तसाच थिजला होता. शेवटी शेवटी ते माणसं चपलांवरून ओळखायचे. भट्टीपुढं वाकूनच हे होतंय असं समजून मी काम टाकलं आणि फळीवर उताणा पडून राहिलो. पाठ आणखी आखडली.

"मढं होऊन काय पडलायस रे?" म्हणत अक्कांनी उठवलं, दवाखान्यात नेलं. वडिलांच्या कण्याचं ऐकून डॉक्टरांनी रक्त तपासायला मद्रासला पाठवलं.

रिपोर्टची वाट बघताना अन्न गोड लागेना. अक्कांनी समजावलं, "पेशी आतल्या मालाचा तुकडा हातावर घेऊन बाहेर दाखवते. रक्तातली पहारेकरी पेशी येते. हा पहारेकरी नुसता तुकडा बघत नाही, नुसता हातही नाही. दोन्ही मिळून ओळखतो."

"पोलिसासारखं," मी म्हणालो. चोरीचा माल हुडकत ते आमच्याकडं यायचे. मोडकी बाळी कुणाचीही असते. ठरावीक माणसाच्या हातात दिसली की संशय.

"एवढं कळतं, मग शाळा का सोडलीस?" त्या हसल्या. "शरीराचा दुसरा पहारा अँटिबॉडीचा. तिला सहसा हे जमत नाही, ती रक्तात मोकळं फिरणारं पकडते. पण हात आणि तुकडा मिळून ओळखणारी अँटिबॉडीही परदेशात बनवलीय, वाचलं मी. तुझं रक्त तपासायला वापरतात ती फक्त हात ओळखते. तो हात आईबापाकडून येतो."

"आणि पहारेकरी चुकला तर?"

"घरच्यालाच मारतो. तुझ्या दुखण्यात तसंच होत असावं म्हणतात. नक्की कुणाला ठाऊक नाही."

रिपोर्टात तो हात निघाला. मी पायरीवरच बसलो.

"तोच हात घेऊन कितीतरी धडधाकट फिरतात," अक्का म्हणाल्या. "पडून राहू नको, चाल."

रोज सकाळी किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं त्या पुढं, मी मागं. मी रेंगाळलो की तमिळमधून शिव्या. पाठ हळूहळू सुटली. पहाटे अजून वडील येतात. ते टेकायच्या आत मी उठतो.

आता अक्कांचे गुडघे गेलेत. पूर्वज कुठून आले तो मुलूख त्यांनी कधी पाहिला नाही. एक दिवस मी त्यांना आमच्या सांगलीकडं घेऊन जाणार आहे, त्यांच्या चालीनं, बसत-उठत.