आत्याच्या लग्नातलं मुसळ

काल तालमीच्या खोलीत ढोल शेकायला घेतला आणि तापलेल्या कातड्याचा वास सुटला. आमच्या तालवाद्यवृंदासाठी मी माझ्या गावावर, साखरशेतवर, एक रचना बांधतेय. त्या वासानं मला थेट आत्याच्या लग्नात नेऊन सोडलं.

मांडवावर जांभळीच्या ओल्या फांद्या होत्या आणि खाली नुकतंच सारवलेलं अंगण. नवऱ्याकडची माणसं आली, नाच रंगात आला, आणि ऐन वेळी माझ्या बाबांच्या ढोलाचं कातडं टर्रकन फाटलं. फेर थांबला. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. बाबा मान खाली घालून उभे राहिले.

हळदीनं माखलेली आत्या पाटावरून उठली. "दादा, थाळी घे. माझ्या लगनात नाच नाय थांबायचा," असं म्हणत तिनं रिकाम्या लाकडी उखळात मुसळ घातलं. आधी धम्म, मग कडेवर ठक्. आईनं दुसरं मुसळ उचललं आणि तिच्या दोन घावांच्या मधे आपला घाव बसवला. बाबा पितळी थाळी वाजवू लागले. पायाखालची जमीन हलली आणि फेर पुन्हा फिरायला लागला.

तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती. आज वाद्यं एकमेकांत गुंफताना कळतं, की स्वतःच्या लग्नातही तिला आधी भावाची खाली गेलेली मान दिसली होती.

घामानं हळद ओघळायला लागली, तेव्हा तिची होणारी सासू पुढं आली. मुसळ धरून म्हणाली, "दे इकडं, पोरी. आता तू नाच."